‘पेशी कमी झाल्या’ म्हणजे नेमके काय झाले?

पावसाळा ओसरू लागला की दवाखान्यात एक वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर येते, ‘डॉक्टर, याच्या पेशी कमी झाल्यात!’ ताप कधीपासून आहे, रुग्ण पाणी पितो का, लघवी होते का, हे सांगण्याआधी रक्ताच्या तपासणीचा कागद टेबलावर ठेवला जातो. ‘कोणत्या पेशी?’ असे विचारले, की बहुतेक नातेवाईक एकमेकांकडे पाहतात. दुसऱ्या एखाद्या रुग्णाच्या कागदावर ‘पांढऱ्या पेशी वाढल्या’ असते. तिसऱ्याच्या तोंडातील जखमेचा तुकडा तपासलेला असतो आणि त्यात ‘पेशींमध्ये बदल’ असे लिहिलेले असते. शब्द एकच, पण तिन्ही ठिकाणी अर्थ वेगळा आणि त्यावरून घ्यायचा निर्णयही वेगळा.

शरीरातील बहुतेक आजारांची सुरुवात पेशीत होते आणि बहुतेक औषधांचे कामही पेशीवरच चालते. म्हणून आजच्या लेखात एखादा आजार न घेता पेशीचीच ओळख करून घेऊ. विषय शाळेतला वाटेल, परंतु जुलाब, मधुमेह, छातीतील दुखणे, डेंग्यू अशा रोजच्या प्रसंगी तो उपयोगी पडतो, हे वाचकांच्या लक्षात येईल.

पेशी म्हणजे काय?

शाळेच्या प्रयोगशाळेत कांद्याचा पातळ पापुद्रा आयोडीनचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याचे अनेकांना आठवत असेल. विटांच्या भिंतीसारख्या ओळीने मांडलेल्या चौकटी आणि प्रत्येक चौकटीत एक गडद ठिपका. त्यातील प्रत्येक चौकट म्हणजे एक पेशी आणि ठिपका म्हणजे तिचे केंद्रक.

१६६५ साली इंग्लंडमधील रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप भिंगाखाली पाहिला. त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी लहान लहान घरे दिसली. त्याने त्यांना ‘सेल’ म्हणजे छोटी खोली असे नाव दिले. त्याने पाहिलेल्या खोल्या मात्र रिकाम्या होत्या, कारण बूच हे झाडाच्या सालीतील मृत पेशींचे बनलेले असते. पुढे हॉलंडमधील लेवेनहूक याने स्वतः घासून तयार केलेल्या भिंगांतून जिवंत सूक्ष्मजीव पाहिले. १८३१ साली रॉबर्ट ब्राउन याने केंद्रकाला नाव दिले. १८३८ व १८३९ या वर्षांत श्लायडेन आणि श्वान या दोघा जर्मन शास्त्रज्ञांनी सर्व वनस्पती व प्राणी पेशींचेच बनलेले असतात, असा सिद्धांत मांडला. नवी पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्माला येते, हे तत्त्व १८५५ साली रुडॉल्फ व्हिरकॉव्ह या डॉक्टरने ठामपणे सांगितले. आजार कोठे होतो, तर पेशीत होतो, हा आधुनिक वैद्यकाचा पाया त्यानेच घातला.

आपल्या शरीरात अंदाजे ३० लाख कोटी पेशी आहेत. बहुतेक पेशी मिलिमीटरच्या पन्नासाव्या ते शंभराव्या भागाएवढ्या असतात. तांबडी पेशी तर त्याहून लहान, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सात-आठ पट एवढीच असते. याउलट स्त्रीबीज ही मोठी पेशी. ती नुसत्या डोळ्यांना अगदी बारीक ठिपक्याएवढी दिसू शकते. कमरेच्या मणक्यांतून पायाच्या पंजापर्यंत जाणाऱ्या मज्जापेशीचा तंतू सुमारे एक मीटर लांब असतो. काम बदलते तसा पेशीचा आकार बदलतो. तरीही रचनेचे तीन मुख्य भाग जवळजवळ प्रत्येक पेशीत सापडतात. बाहेरचे आवरण, आतील पेशीद्रव्य आणि केंद्रक. ते एकेक करून पाहू.

आवरण : गावाची वेस

पेशीचे आवरण इतके पातळ असते, की अशी एक लाखाहून अधिक आवरणे एकावर एक रचली तर जाडी जेमतेम एक मिलिमीटर होईल. ते मुख्यतः स्निग्ध पदार्थाच्या दोन थरांचे असते आणि त्यात प्रथिनांचे रेणू जागोजागी बसवलेले असतात. ही प्रथिने म्हणजे पेशीच्या वेशी. कोणाला आत घ्यायचे, कोणाला बाहेर काढायचे, बाहेरून आलेला निरोप कोणता, हे त्या ठरवतात.

पाणी या आवरणातून ये-जा करते. ज्या बाजूला क्षार किंवा साखर अधिक, त्या बाजूला ते ओढले जाते. गृहिणींना हे शास्त्र माहीत आहेच. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की तासाभरात पातेल्यात पाणी सुटते. ते पाणी कैरीच्या पेशींतून बाहेर आलेले असते. मीठ भरपूर असलेल्या लोणच्यात जंतू सहसा वाढत नाहीत, त्याचेही एक कारण हेच. त्यांच्या पेशीतील पाणी मीठ ओढून घेते. उलट तांबड्या पेशी साध्या पाण्यात टाकल्या तर पाणी आत शिरून त्या फुगतात आणि फुटतात. म्हणूनच शिरेतून कधीही नुसते पाणी देत नाहीत. ठरावीक प्रमाणात मीठ किंवा साखर मिसळलेले निर्जंतुक पाणी देतात.

याच ठिकाणी सलाइनविषयी थोडे बोलले पाहिजे. अंगात कसकस आहे, थकवा आहे, ‘डॉक्टर, एक सलाइन लावा, ताकद येईल’ अशी मागणी नित्याची आहे. पाचशे मिलिलिटरच्या साध्या सलाइनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी असते. ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. जो माणूस तोंडाने पिऊ शकतो, त्याला यातून कोणतीही वेगळी ताकद मिळत नाही. वृद्धांना, हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णांना तर जादा सलाइनने धाप लागू शकते.

मग जुलाबात काय करावे? येथे पेशीच्या वेशीचे ज्ञान प्रत्यक्ष प्राण वाचवते. आतड्याच्या पेशींच्या आवरणात एक खास प्रथिन असते. ते मीठ आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेते आणि त्यांच्यामागोमाग पाणी आत येते. पटकीसारख्या भयंकर जुलाबातही ही वेस बहुधा चालू राहते. नुसते पाणी पाजले तर ते तितके शोषले जात नाही, पण योग्य प्रमाणात मीठ-साखर घातली की शोषले जाते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून ते नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजण्याचा मार्ग धरला. आधी शंभरातील तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते. ते प्रमाण तीन-चारपर्यंत खाली आले. २०२२ साली डॉक्टर निवर्तले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

आज बाजारात आणि सरकारी दवाखान्यात जी ओआरएसची पुडी मिळते, ती याच तत्त्वावर आहे. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते. अर्धी पुडी अंदाजाने ग्लासात टाकू नये. लहान पुड्याही मिळतात, त्यांवर पाण्याचे प्रमाण छापलेले असते, ते वाचावे. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. प्रमाण महत्त्वाचे आहे. मीठ जास्त झाले तर बाळाला अपाय होतो. साखर जास्त झाली तर तीच आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. बाटलीबंद गोड सरबते, थंड पेये ही ओआरएस नव्हेत.

इन्सुलिन : वेशीवरचा निरोप

मधुमेहाचे मूळही याच आवरणापाशी आहे. रक्तातील साखर स्नायूंच्या व चरबीच्या पेशींत सहजासहजी शिरत नाही. इन्सुलिन आवरणावरील एका प्रथिनाला चिकटते. तो निरोप आत पोचला, की साखर आत घेणारी प्रथिने पेशीच्या पोटातून आवरणापाशी येतात. इन्सुलिन तयारच होत नसेल, किंवा निरोप पोचूनही पेशी तो ऐकत नसेल, तर साखर रक्तातच साठते. रक्तात साखर भरपूर आणि पेशी मात्र उपाशी, अशी ही विचित्र अवस्था असते. म्हणून मधुमेही माणूस भरपूर खाऊनही थकतो व वजन घटते.

स्नायू काम करू लागले, की ही साखर घेणारी प्रथिने इन्सुलिनशिवायही आवरणापाशी येतात. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालायला मी का सांगतो, त्याचे हे उत्तर. चालणे हा मधुमेहावरचा एक औषधोपचारच आहे. मात्र गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर ते आपल्या मनाने बंद करू नये.

पेशीद्रव्य : आतले कामकाज

वेशीतून आत गेलो की पेशीद्रव्य लागते. ते पाणीदार, दाटसर असते आणि त्यात वेगवेगळी कामे करणारी अंगके असतात. रायबोसोम हे प्रथिने बनवणारे बारीक कण. आंतर्द्रव्यजालिका ही नळ्या व पिशव्यांचे जाळे असून तयार माल तिच्यातून पुढे सरकतो. गॉल्गी पिंड त्या मालाची बांधणी करून तो योग्य पत्त्यावर पाठवतो. लयकारिका म्हणजे पाचक रसांच्या थैल्या, त्या निकामी झालेले भाग व आत शिरलेले जंतू विरघळवतात. स्वादुपिंडातील इन्सुलिन असो की तोंडातील लाळेची पाचक द्रव्ये, सर्वांचा प्रवास याच मार्गाने होतो.

या सगळ्यांत ज्यांचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, त्या तंतुकणिका. इंग्रजी नाव मायटोकाँड्रिया. जेवणातील साखर व चरबी आणि श्वासातील प्राणवायू यांची गाठ येथे पडते आणि पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा तयार होते. आपण श्वास घेतो तो फुप्फुसासाठी नव्हे, या कणिकांसाठी. ग्लुकोजच्या एका रेणूपासून प्राणवायूविना ऊर्जेचे दोनच घटक मिळतात. प्राणवायूसह तंतुकणिकांत सुमारे तीस मिळतात. या कणिकांत स्वतःचे थोडे आनुवंशिक द्रव्यही असते, आणि ते आपल्याला केवळ आईकडून मिळते.

ज्या अवयवाला विसावा नाही, त्याच्या पेशींत तंतुकणिका भरपूर. हृदयाच्या स्नायुपेशींचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्यांनीच व्यापलेला असतो. त्यामुळे हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की त्या पेशी उपासमार फार वेळ सोसू शकत नाहीत. साधारण वीस-तीस मिनिटांनंतर त्या मरू लागतात आणि पुढील काही तासांत नुकसान पसरत जाते. मेंदूच्या पेशी तर पूर्ण रक्तपुरवठा थांबल्यास चार-पाच मिनिटांतच कायमच्या बिघडू लागतात. एकदा मेलेल्या हृदयपेशींच्या जागी नव्या पेशी जवळजवळ येतच नाहीत, तेथे वण राहतो.

म्हणून छातीत दाबल्यासारखे दुखणे, ते हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम येणे ही लक्षणे दिसली तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पिऊन रात्र काढू नये. मधुमेहींमध्ये व स्त्रियांमध्ये छातीत फारसे न दुखता नुसती धाप, मळमळ किंवा घाम एवढेच असू शकते. सकाळच्या एसटीची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जेथे हृदयाचा आलेख निघतो अशा जवळच्या ठिकाणी ताबडतोब पोचावे. गुठळी विरघळवण्याची औषधे जितक्या लवकर मिळतील तितक्या जास्त पेशी वाचतात.

शेतकरी कुटुंबांसाठी आणखी एक गोष्ट. धान्याला कीड लागू नये म्हणून ज्या गोळ्या ठेवतात, त्यांतून ओलाव्यामुळे फॉस्फीन नावाचा वायू निघतो. तो थेट तंतुकणिकांचे काम बंद पाडतो. प्राणवायू रक्तात असूनही पेशीला तो वापरता येत नाही. या विषावर उतारा नाही. या गोळ्या ठेवलेल्या खोलीत किंवा तिला लागून असलेल्या बंद खोलीत कोणीही, विशेषतः लहान मुलांनी, झोपू नये.

केंद्रक : गावाचे दप्तर

केंद्रकात पेशीचे सगळे दप्तर असते. ४६ गुणसूत्रे, म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतील एक आईकडून, एक वडिलांकडून. गुणसूत्रांतील डीएनएचा धागा उलगडून सरळ केला तर तो एका पेशीतून सुमारे दोन मीटर निघेल. प्रथिने बनवण्याच्या सुमारे २० हजार कृती त्यात लिहिलेल्या असतात. यकृताच्या पेशीत आणि डोळ्याच्या पेशीत दप्तर एकच असते, पण उघडलेली पाने वेगळी असतात. म्हणून एक पित्त बनवते आणि दुसरी प्रकाश ओळखते.

या दप्तरात एका अक्षराची चूक झाली तरी काय होते, याचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. विदर्भातील पूर्वेकडच्या जिल्ह्यांत, नंदुरबार भागात व इतरत्रही सिकलसेलचा आजार आढळतो. हिमोग्लोबिनच्या एका साखळीतील सहाव्या जागेवरचे एकच अमिनो आम्ल बदलते. परिणामी प्राणवायू कमी झाला की गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडे-सांधे असह्य दुखतात, प्लीहेचे नुकसान होते आणि जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतात. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराच्या पेशी बहुधा दहा ते वीस दिवसांतच फुटतात, म्हणून रक्त सतत कमी असते.

ज्याला आईवडिलांपैकी एकाकडूनच हा दोष मिळाला तो वाहक. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही आणि म्हणूनच त्याला स्वतःला ते माहीत नसते. मात्र पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. ‘पहिले बाळ आजारी झाले, आता पुढची तीन चांगली’ असा हिशेब चालत नाही. प्रत्येक वेळी शक्यता पुन्हा तेवढीच. लग्न जमवताना पत्रिका पाहणाऱ्या घरांनी एका साध्या रक्ततपासणीलाही जागा द्यावी. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आहे आणि त्यात तपासणीवर भर आहे. ज्यांना आजार आहे त्यांनी हायड्रॉक्सियुरियासारखे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतले, भरपूर पाणी प्यायले आणि लसी वेळेवर घेतल्या, तर दुखण्याचे झटके पुष्कळ कमी होतात. वाहक मुलीला सून म्हणून नाकारणे हा या तपासणीचा हेतू नाही. दोघेही वाहक आहेत का, एवढेच पाहायचे असते. तसे निघाले तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच गर्भाची तपासणी करून घेता येते.

दप्तरात चूक जन्मानंतरही होऊ शकते. तंबाखू, गुटखा, खर्रा, मशेरी यांतील द्रव्ये तोंडाच्या पेशींच्या डीएनएला वर्षानुवर्षे इजा करीत राहतात. पेशी ती दुरुस्त करते, पण प्रत्येक वेळी नाही. पेशीने कधी विभागायचे आणि कधी थांबायचे, हे सांगणारी पानेच खराब झाली की ती थांबेनाशी होते. त्यालाच आपण कर्करोग म्हणतो. तोंडात न पुसली जाणारी पांढरी किंवा लाल चट्टी, तोंड पूर्वीइतके न उघडणे, तिखट न सोसणे, दोन-तीन आठवड्यांत बरी न होणारी जखम ही धोक्याची खूण समजून लगेच दाखवावे. ‘पेशींमध्ये बदल’ असा अहवाल आला म्हणजे कर्करोगच, असे नाही. बरेचदा तो त्याच्या अलीकडचा टप्पा असतो आणि त्या वेळी तंबाखू सोडून उपचार घेतल्यास मोठे संकट टळते.

जंतूंच्या पेशी आणि अँटिबायोटिक

जिवाणू हेही पेशीच, पण घडण वेगळी. त्यांना स्पष्ट केंद्रक नसते आणि बहुतेकांना आवरणाबाहेर एक कडक भित्तिका असते. माणसाच्या पेशीला अशी भित्तिका नसते. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना सापडलेले पेनिसिलिन नेमके ही भित्तिका बांधू देत नाही. म्हणून ते जंतू मारते आणि आपल्या पेशींना सोडते. दुसरी काही अँटिबायोटिके जिवाणूंच्या रायबोसोमवर मारा करतात, कारण ते आपल्या रायबोसोमपेक्षा वेगळे असतात.

विषाणू मात्र पेशीच नव्हे. त्याला ना भित्तिका, ना रायबोसोम, ना तंतुकणिका. तो आपल्या पेशीत शिरून तिच्याच साधनांवर स्वतःच्या प्रती काढतो. सर्दी, फ्लू, डेंग्यू, कांजिण्या हे विषाणूंचे आजार. त्यांत अँटिबायोटिकने मारायला काही नसतेच. ‘सर्दीला तीन दिवसांचा डोस द्या’ अशी मागणी मी नाकारतो तेव्हा काही जण नाराज होऊन दुसऱ्या दवाखान्यात जातात. पण नको तेव्हा घेतलेल्या औषधाने शरीरातील इतर जिवाणू त्याला सरावतात, आणि खऱ्या न्यूमोनियाच्या वेळी तेच औषध निकामी ठरू शकते.

रक्ताचा कागद कसा वाचावा?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. रक्तात तीन प्रकार मोजले जातात.

तांबड्या पेशी : एका घनमिलिमीटर रक्तात साधारण ४५ ते ५० लाख. जास्तीत जास्त हिमोग्लोबिन वाहता यावे म्हणून परिपक्व होताना त्या आपले केंद्रक व तंतुकणिकाही सोडून देतात. हिमोग्लोबिन पुरुषांत १३, स्त्रियांत १२ आणि गरोदरपणात ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय. लोहाच्या गोळ्या पंधरा दिवस घेऊन सोडू नयेत. हिमोग्लोबिन नेहमीच्या पातळीवर आल्यावरही शरीरातील साठा भरण्यासाठी त्या आणखी सुमारे तीन महिने चालू ठेवाव्या लागतात. या पेशींच्या १२० दिवसांच्या आयुष्यावरच मधुमेहाची ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणजे एचबीए१सी ही तपासणी बेतलेली आहे. तितके दिवस हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, ते त्यात कळते. म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी उपवास करून ती फसत नाही. सिकलसेल असणाऱ्यांत मात्र हा आकडा भरवशाचा नसतो.

पांढऱ्या पेशी : साधारण ४ ते ११ हजार. या शरीराच्या रखवालदार. जिवाणूंच्या संसर्गात त्या बहुधा वाढतात, परंतु गरोदरपणात, जास्त श्रमानंतर किंवा स्टेरॉइड घेतल्यावरही वाढतात. डेंग्यूसारख्या तापात त्या कमी होतात.

प्लेटलेट्स : दीड ते साडेचार लाख. ‘पेशी कमी झाल्या’ म्हणताना लोकांच्या मनात असतात त्या याच. खरे तर या पूर्ण पेशी नव्हेत. हाडांच्या मगजातील मोठ्या पेशींचे ते सुटे झालेले तुकडे. त्यांना केंद्रक नसते आणि आयुष्य सात ते दहा दिवसांचे. रक्त गोठवण्यास मदत करणे हे त्यांचे काम.

डेंग्यूत प्लेटलेट्स उतरतात आणि ताप गेल्यानंतर काही दिवसांत बहुधा आपोआप चढतात. त्या वेळी पपईच्या पानांचा रस चालू असेल तर श्रेय त्याला मिळते. डेंग्यूतील मोठा धोका बहुतेकदा वेगळाच असतो. बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपते, रक्त दाट होते आणि रक्तदाब कोसळतो. म्हणून मी प्लेटलेट्सबरोबर कागदावरील ‘पीसीव्ही’ हा आकडाही पाहतो. तो चढत असेल तर काळजी. हे बहुधा ताप उतरतानाच, तिसऱ्या ते सातव्या दिवसांत घडते, आणि घरचे मात्र ‘ताप गेला, बरा झाला’ म्हणून निश्चिंत होतात. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, फार सुस्ती किंवा तगमग, यांपैकी काहीही दिसल्यास आकडा कितीही असो, रुग्णालय गाठावे. उलट रुग्ण पितो-खातो आहे, रक्तस्राव नाही आणि आकडा ४० हजार आहे, तर रोजच्या तपासणीवर लक्ष ठेवणे बहुधा पुरते. रक्तस्राव नसताना केवळ आकड्यापायी प्लेटलेट्सच्या पिशव्यांसाठी रात्री शहर पालथे घालण्याची गरज सहसा पडत नाही. आकडा फारच खाली, दहा हजारांच्या आसपास गेला तर काय करायचे, ते उपचार करणारे डॉक्टर ठरवतील. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल घ्यावे. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या व इंजेक्शने टाळावीत, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो.

लक्षात ठेवा

१. जुलाब सुरू होताच ओआरएस सुरू करा. लहान मुलांना त्याबरोबर १४ दिवस झिंक द्या आणि अंगावरचे दूध बंद करू नका.

२. छातीतील दाब आणि घाम म्हणजे गॅस समजू नका. हृदयाच्या पेशी मिनिटामिनिटाला मरत असतात.

३. विषाणूंच्या आजारात अँटिबायोटिकचा आग्रह धरू नका. जिवाणूंच्या आजारात सांगितलेले दिवस पूर्ण करा.

४. सिकलसेलची तपासणी लग्नाआधी करून घ्या.

५. डेंग्यूत प्लेटलेट्सच्या आकड्यापेक्षा रुग्णाकडे पाहा. लघवी होते का, हे रोज विचारा.

६. ‘पेशींना ताकद’ देणारी महागडी टॉनिके घेण्यापेक्षा डाळ, भाकरी, पालेभाजी, दूध, अंडी यांवर खर्च करा. पेशी त्यांतूनच बनतात.

पुढच्या वेळी रक्ताचा कागद हातात आला, की आधी ‘कोणत्या पेशी?’ असे विचारावे. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ किंवा आपले डॉक्टर दोन मिनिटांत समजावून सांगतील, आणि विनाकारण होणारी धावपळ व खर्च दोन्ही वाचेल.

(पुढील आठवड्यात : गरोदरपणातील रक्तक्षय)